दुरुस्ती की नवं? आणि वर्षभराच्या खर्चाच्या वहीतून निघालेले प्रश्न

निळी_शाई
गेलं अख्खं वर्ष मी घरातला खर्च वहीत लिहिला. रोज रात्री दोन मिनिटं, कंटाळा आला तरी. वर्ष संपल्यावर दोन रंगांची पेनं घेऊन बसले. गरज होती म्हणून घेतलं त्याला हिरवी खूण, सूट होती म्हणून घेतलं त्याला लाल. लाल खुणेच्या ४७ वस्तू निघाल्या. घरभर फिरून पाहिलं, तर त्यातल्या ११ वापरात आहेत. उरलेल्या ३६ कपाटात, माळ्यावर, दोन तर अजून वेष्टनातच. प्रत्येक वेळी घरी येऊन मी सांगितलं होतं की आज इतके वाचले. वहीत मात्र वाचलेले पैसे कुठेच सापडत नाहीत, गेलेलेच दिसतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता नेमकी वेळ अशी आली आहे की आठ वर्षांचं वॉशिंग मशीन बिघडलंय. ड्रम फिरता फिरता थांबतो, हाताने थोडा हलवला की पुन्हा चालू होतो. पाहायला आलेला माणूस म्हणाला मोटर गेली, आणि मोटरचा खर्च नव्या मशीनच्या जवळजवळ निम्मा. नव्या मशीनवर मोठी सूट चालू आहे. म्हणजे पुन्हा एक लाल खूण?

दोन प्रश्न विचारते.
१. दुरुस्ती की नवं, हे तुम्ही कसं ठरवता?
२. खरेदी करताना पाळलेला असा एखादा नियम सांगा, ज्याचा तुम्हाला खरोखर फायदा झाला. ऐकीव नको, स्वतः करून पाहिलेला हवा.

साधा_हिशेब
दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. पुड्यावरची किंमत बघायचीच नाही, दर बघायचा. १०० ग्रॅमला किती, १०० मिलिलिटरला किती, एका नगाला किती. फोनमध्ये भागाकार करायला दहा सेकंद लागतात. मोठा पुडा स्वस्त असतो हे आपण गृहीत धरतो, पण लहान पुड्यावर योजना असेल तर तो स्वस्त पडलेला मी कित्येकदा पाहिलाय.

अजून एक. पुडा तेवढाच, किंमत तीच, पण आतलं निव्वळ वजन कमी झालेलं असतं. मी नेहमीच्या दहाबारा वस्तूंची वजनं फोनमध्ये लिहून ठेवली आहेत. किंमत वाढली तर लगेच डोळ्यांत भरते, वजन घटलं तर कोणाला कळत नाही.

रानवारा
+१. पण दर स्वस्त पडला तरी संपणार का, हे कोण बघणार? आमच्याकडे आम्ही दोघंच. दराने २५% स्वस्त म्हणून मोठा डबा घ्यायचा आणि त्यातला एक तृतीयांश टाकून द्यायचा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. एकदा हिशेब मांडला. शंभराच्या मालाला ७५ दिले, वापरला दोन तृतीयांश. म्हणजे वापरलेल्या मालाचा दर पडला ११२.५. लहान डब्यापेक्षा महाग! तेव्हापासून भागाकार करताना खाली वजन लिहीत नाही, 'आपण खरंच किती वापरू' तो आकडा लिहितो.

साधा_हिशेब
@रानवारा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमचं सहा जणांचं घर, इथे काही उरतच नाही :)

गणू_मास्तर
शिक्षक आहे, त्यामुळे राहवत नाही. टक्केवारीची गणितं मुलांना दुकानातल्या पाट्यांवरूनच शिकवतो. काही नमुने:

'२०% आणि वर आणखी २०%' म्हणजे ४०% नव्हे, ३६%. दुसरी सूट उरलेल्या ८० वर मिळते.
'दोन घ्या, तिसरं फुकट' म्हणजे ३३.३%, आणि तेही तिन्ही लागणार असतील तर.
'एकावर दुसरं अर्ध्या किमतीत' म्हणजे २५%. हे ऐकून मोठी माणसंही वाद घालतात.
'२५% जास्त माल त्याच किमतीत' म्हणजे दरात २०% सूट, २५ नव्हे.
आणि किंमत आधी २५% वाढवली, मग २०% उतरवली, की आहे तिथेच येते. १०० चे १२५, १२५ चे १००. पाटीवर मात्र '२०% सूट' असं खरंखुरं लिहिता येतं.

हा शेवटचा नमुना फळ्यावर मांडला की वर्गात दरवर्षी एक क्षण शांतता पसरते. ती मला फार आवडते.

तळ्याकाठी
मास्तर, सुरेख. खोडलेली जुनी किंमत काय करते त्याबद्दल थोडं. डॅनियल कानमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग मांडला. लोकांसमोर ० ते १०० आकड्यांचं चक्र फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय आधीच केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? ज्यांना १० दिसलं त्यांचा मधला अंदाज २५ आला, ज्यांना ६५ दिसलं त्यांचा ४५. चक्राचा त्या प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. तरी कानावर पडलेल्या पहिल्या आकड्याला मन बांधलं गेलं.

खोडलेली किंमत म्हणजे तेच चक्र. माझा नियम: ती अंगठ्याने झाकायची आणि स्वतःला विचारायचं, ही वस्तू कायम याच किमतीला मिळत असती तर आज घेतली असती का? 'नाही' असं उत्तर आलं की खाली ठेवायची. दहातल्या सात खाली जातात.

झुळूक
माझं मत जरा वेगळं आहे. सगळेच सवलतीच्या विक्रीला झोडताहेत, पण घरातल्या मोठ्या वस्तू मी सूट असतानाच घेतल्या आणि खरंच पैसे वाचले. फरक इतकाच की यादी आधीची असते. वस्तूचं नाव, यादीत लिहिल्याची तारीख, त्या दिवशीची किंमत. तीन महिने ती वस्तू यादीत टिकली आणि मग भाव उतरला, तरच घ्यायची. अर्ध्याहून जास्त गोष्टी महिन्याभरात मीच खोडते. आणि जुनी किंमत माझ्याच अक्षरात लिहिलेली असल्याने, वाढवून उतरवलेली किंमत लगेच ओळखू येते.

सूट वाईट नसते. काय घ्यायचं हे सवलतीने ठरवलं, तिथे गडबड होते.

निळी_शाई
@झुळूक, तारीख लिहायची कल्पना आजच उचलली. माझ्या ४७ वस्तूंपैकी एकही आधी कुठे लिहिलेली नव्हती, हे आत्ता लक्षात आलं.

खटपट्या
मशीनबद्दल कोणी बोलतच नाहीये, म्हणून मी बोलतो. घरातली यंत्रं उघडून बघण्याचा छंद आहे, व्यवसाय नाही.

ताई, ड्रम थांबतो आणि हलवला की चालू होतो, हे लक्षण वाचून मला मोटरऐवजी कार्बन ब्रशचा संशय येतोय. तुमचं मशीन समोरून उघडणारं आणि पट्ट्यावर चालणारं आहे का? अशा बऱ्याच मशीनच्या मोटरमध्ये कार्बनच्या दोन लहान कांड्या असतात. फिरत्या भागाला वीज त्यांच्यातून जाते. घासून घासून झिजणं हेच त्यांचं काम. सात-आठ वर्षांत त्या आखूड होतात, नीट टेकत नाहीत, मग मोटर अधूनमधून थांबते, कधी जळका वास येतो. मोटरच्या किमतीपुढे त्यांची किंमत नगण्य. दोन्ही एकदम बदलायच्या असतात. थेट चालणाऱ्या, म्हणजे पट्टा नसलेल्या मोटरमध्ये ब्रश नसतात, त्यामुळे आधी प्रकार पाहा. मशीनचा प्लग काढल्याशिवाय मागचं झाकण उघडू नका, आणि सवय नसेल तर कोणाला तरी बोलवा. पण बोलावताना 'मोटर बघा' न म्हणता 'ब्रशची लांबी मोजून दाखवा' असं म्हणा.

ब्रश ही काही आडबाजूची गोष्ट नाही. युरोपीय संघाने २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत वॉशिंग मशीनचे सुटे भाग, ज्यात मोटर आणि मोटरचे ब्रश नावानिशी आहेत, मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान १० वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत असं लिहिलंय. त्याच वर्षी फ्रान्सने काही यंत्रांवर 'दुरुस्त करायला किती सोपं' याचे दहापैकी गुण छापायला लावले.

ओलावा
खटपट्या, माहिती छान, पण आठ वर्षांचं मशीन ओढत राहण्यात शहाणपण आहे का? नवी यंत्रं वीज आणि पाणी कमी घेतात. चालवण्याचा खर्चही धरा ना. मी दोन वर्षांपूर्वी जुना फ्रिज काढला आणि विजेचं बिल डोळ्यांदेखत उतरलं.

साधा_हिशेब
धरू की. कपडे धुण्यात विजेचा मोठा भाग पाणी तापवण्यात जातो. एका धुण्यात १० लिटर पाणी तापतं असं मानू. २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ०.४७ युनिट लागतं, ३० वर न्यायला ०.१२. म्हणजे मशीन तेच ठेवून नुसतं बटण ३० वर आणलं तर तो खर्च चौथ्या हिश्शावर येतो. वर्षाला २०० धुणी धरली तर ७० युनिटं वाचली, एक पैसाही न घालता.

तुलना म्हणून सांगतो. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब रोज ५ तास चालला तर वर्षाला सुमारे ११० युनिटं खातो. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी १६. एका बल्बने ९४ वाचली, धुण्याच्या सगळ्या खटाटोपापेक्षा जास्त.

फ्रिजचं ओलावा म्हणतात ते बरोबर आहे, कारण तो वर्षाचे ८,७६० तास जोडलेला असतो. दिवसाला एक युनिट कमी लागलं तरी ३६५ झाली. जुना फ्रिज बदलणं परवडतं, आठवड्यात चार वेळा चालणाऱ्या मशीनला तोच न्याय लावता येत नाही. वस्तू दिवसातून किती तास चालते, त्यावर हे ठरतं.

ओलावा
मान्य. तासांचा मुद्दा पटला. मी फ्रिजचा अनुभव सरसकट सगळ्याला लावत होते.

मावशी_६८
सगळं वाचते आहे. आमच्या काळी आकडेमोड एवढी नव्हती, पण चार गोष्टी पाळल्या.

पोट भरल्याशिवाय आणि यादी केल्याशिवाय सामान आणायला जायचं नाही. यादीही आधी कपाट उघडून करायची, खुर्चीत बसून नाही. माझ्याकडे एकदा एकाच प्रकारच्या साबणाच्या नऊ वड्या जमल्या होत्या, कारण प्रत्येक वेळी 'संपला असेल' असं वाटे.

दुसरं, वर्षातून एकदा लागणारी वस्तू विकत घ्यायची नाही. मोठी शिडी, भोकं पाडायचं यंत्र, पाहुण्यांसाठी जास्तीच्या गाद्या. शेजारपाजारी आणि नात्यात विचारायचं. त्यांनी मागितलं तर आपणही हसून द्यायचं. देणं-घेणं असल्यावर माणसंही जवळ राहतात. मला त्याचं मोल पैशापेक्षा जास्त वाटतं.

तिसरं नातीने शिकवलं. मलमाच्या, क्रीमच्या डबीवर उघड्या झाकणाच्या डबीचं लहान चित्र असतं आणि आत '१२ एम' असं काहीतरी. म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. तेव्हापासून डबी उघडली की तळाला तारीख लिहिते आणि एक संपल्याशिवाय दुसरी उघडत नाही.

रानवारा
मावशी, 'खुर्चीत बसून यादी करायची नाही' हे वाक्य फ्रिजच्या दारावर चिकटवलंय.

झुळूक
मावशी, चौथी गोष्ट राहिली.

मावशी_६८
राहिली खरी. चौथी म्हणजे पावती. हल्लीच्या पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात, वर्षभरात कोऱ्या होतात. वॉरंटी दोन वर्षांची आणि पावती सहा महिन्यांत पुसट, काय उपयोग? घरी आल्याबरोबर फोटो काढते. फोटोच्या नावात वस्तूचं नाव आणि साल.

टिकटिक
ऑनलाइन खरेदीबद्दल लिहितो, मी त्याच क्षेत्रात काम केलंय. 'फक्त १० मिनिटं उरली' असं घड्याळ दिसलं तर तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. घड्याळ पुन्हा १० पासून सुरू झालं तर समजा की ते तुमच्यासाठीच मांडलंय. अशा युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये दिलं. आधीच टिक केलेला विमा, शेवटच्या पानावर उगवणारं शुल्क, सभासद होणं एका क्लिकवर आणि सोडायला सात पानं, सगळं त्यात येतं.

मी काय करतो: वस्तू कार्टमध्ये टाकतो आणि बाहेर पडतो. दोन रात्री जाऊ देतो. कार्डाची माहिती कुठेही साठवून ठेवत नाही. प्रत्येक वेळी उठून पाकीट शोधायचं, सोळा आकडे टाकायचे. तेवढ्या वेळात निम्म्या वेळा विचार बदलतो.

आणि 'पहिला महिना फुकट' वाली कुठलीही सेवा घेतली की त्याच क्षणी फोनमध्ये २७व्या दिवसाची आठवण लावतो. मागच्या वर्षी बँकेच्या नोंदी चाळल्या तर अशा चार सेवांचे पैसे जात होते. त्यातली एक मी दोन वर्षं उघडलीही नव्हती.

तळ्याकाठी
थोडं अवांतर, पण याच्याशी जोडलेलं. आपण स्वतः हिंडून फडताळावरून वस्तू उचलतो ही पद्धतच जेमतेम शंभर वर्षांची. १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी तसं दुकान काढलं. त्याआधी गिऱ्हाईक यादी सांगे आणि दुकानदार काढून देई. पुढे १९३७ मध्ये सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने पाहिलं की हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात. त्यांनी चाकांची गाडी आणली. सुरुवातीला लोक ती घेईनात, तेव्हा त्यांनी पगारी माणसं ठेवून ती दुकानात फिरवायला लावली.

म्हणून मी चार वस्तूंसाठी जातो तेव्हा हातातच टोपली घेतो. हात दुखायला लागला की निघायची वेळ झाली.

गणू_मास्तर
हात दुखतो तेव्हा खिसा वाचतो! उद्या वर्गात सांगणार.

चाकोरी
हे लिहू की नको असा बराच विचार केला. कोणाच्या तरी कामी येईल म्हणून लिहितो.

मी दर वाचायचो, सूट तपासायचो, सगळं करायचो. आणि तरी चार वर्षं बुडत होतो, कारण क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण न भरता 'किमान रक्कम' भरत होतो. किमान रक्कम भरली की दंड लागत नाही, म्हणून मला वाटे सगळं वेळेवर चाललंय. एका मित्राने कागद-पेन्सिल घेऊन समजावलं. महिन्याला ३% व्याज म्हणजे वर्षाला ३६ नाही, चक्रवाढीने साडेबेचाळीसच्या वर. थकबाकी १०० असेल, एकही नवी खरेदी केली नाही आणि दर महिन्याला ५% किमान रक्कम भरत राहिलो, तर वर्षभरात हातातून ५५ जातात आणि देणं उतरतं फक्त २३ ने. वर्षाअखेर ७७ बाकीच. ३२ नुसतं व्याज.

तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. दुसऱ्या दिवशी मोडता येण्यासारखी ठेव मोडली आणि कार्डाचं देणं फेडलं. ठेवीवर मिळणारं व्याज त्यापुढे काहीच नव्हतं, आणि मी चार वर्षं ती 'बचत' म्हणून सांभाळत होतो. निळी_शाई, तुमच्या ४७ वस्तूंपैकी कार्डावर घेऊन बिल मागे ठेवलेली एखादी असेल, तर तिची खरी किंमत वहीत लिहिलेली नाही.

निळी_शाई
@चाकोरी, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझं बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं, पण नवऱ्याच्या लहान भावाला तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला.

झुळूक
हप्त्यांबद्दल कोणी सांगेल का? मशीनवर 'सरसकट १०% व्याज, १२ हप्ते' असं असेल तर ते बरं का?

गणू_मास्तर
सरसकट या शब्दापाशी थांबा. १०० उसने घेतले, वर्षात ११० फेडले, म्हणून १०% वाटतं. पण ते १०० वर्षभर तुमच्याकडे कुठे होते? दर महिन्याला थोडे परत जातच होते. सरासरी सुमारे ५४ च तुमच्या हाती राहिले. त्यावर १० व्याज म्हणजे खरा वार्षिक दर १८% च्या आसपास. 'घटत्या शिलकेवर किती टक्के' एवढाच प्रश्न विचारायचा. आणि 'बिनव्याजी हप्ते' असतील तर विचारायचं की रोख दिले तर किती कमी कराल. जेवढं कमी करतात, तेवढं ते व्याज.

पायवाट
वरचे बरेच सल्ले ज्याच्या हातात थोडे पैसे शिल्लक आहेत त्याच्यासाठी आहेत, हेही कोणी म्हणायला हवं. टिकाऊ घ्या, महाग असलं तरी चार वर्षं चालेल, हे मलाही कळत होतं. पण महिन्याच्या शेवटी हातात सहा महिने टिकणाऱ्या बुटांपुरतेच पैसे असायचे. मग चार वर्षांत आठ जोड. तिप्पट किमतीचा एक जोड घेणाऱ्यापेक्षा माझा खर्च कितीतरी जास्त झाला, आणि पाय ओले राहिले ते वेगळंच. गरिबी महाग पडते, हे मी पायांनी शिकलो.

त्यातून बाहेर कसा आलो ते सांगतो. आठ बुटांचा हिशेब जमवल्यावर एक डबा केला, 'मोडणाऱ्या वस्तूंचा डबा'. वस्तू मोडणार हे नक्की, कधी ते माहीत नाही. दर महिन्याला जमेल तेवढं त्यात, कधी अगदी नाणी. दीड वर्षाने पहिला चांगला जोड त्या डब्यातून घेतला. सहावं वर्ष चालू आहे, तळवा एकदा बदलला. आता डब्याऐवजी बँकेत वेगळं खातं आहे, नाव तेच ठेवलंय.

मावशी_६८
पायवाट, शाब्बास. डोळ्यांत पाणी आलं वाचून.

साधा_हिशेब
@पायवाट, बरोबर आहे तुमचं. माझ्या प्रतिसादात मी हे धरलंच नव्हतं. टिकाऊ, महाग वस्तूची किंमत वापराच्या दिवसांनी भागून स्वस्त ठरवायची तर आधी पूर्ण रक्कम हातात हवी.

ओलावा
वाढीव वॉरंटी घ्यावी का? मशीन घेताना नेहमी गळ घालतात.

खटपट्या
घेण्याआधी न झाकलेल्या गोष्टींची यादी मागा. झिजणारे भाग, म्हणजे ब्रश, पट्टा, दाराचं रबर, बहुतेक वेळा त्या यादीत सापडतील. आठ वर्षांत मोडतं ते बहुधा तेच. मी वाढीव वॉरंटीचे पैसे पायवाट यांच्या डब्यात टाकेन.

बल्बचा विषय निघाला म्हणून एक. १९२४ मध्ये मोठ्या बल्ब कंपन्यांनी फीबस नावाची युती केली आणि बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणून बांधलं. जास्त टिकले तर कंपनीलाच दंड. वस्तू मुद्दाम कमी टिकवल्याचं हे नोंदलेलं उदाहरण.

तळ्याकाठी
खटपट्या, अर्धं सहमत. युती झाली, दंड होता, सगळं खरं. पण तारेचा बल्ब जास्त टिकवायचा तर तार कमी तापवावी लागते आणि मग तेवढ्याच विजेत उजेड कमी मिळतो. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा एक बल्ब अजून पेटतो, पण त्याचा उजेड रात्रीच्या मंद दिव्याएवढा. टिकाऊपणा आणि काम दोन्ही एकत्र तोलायला हवं. साधा_हिशेब यांच्या तासांसारखंच.

खटपट्या
हे मान्य. उजेडाची बाजू मी सोडून दिली होती. तरी दंड लावण्याचं समर्थन होत नाही :)

ज्यांना स्वतः उघडून बघायची भीती वाटते त्यांच्यासाठी: २००९ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्त्मा या बाईंनी 'रिपेअर कॅफे' सुरू केलं. लोक बिघडलेली वस्तू घेऊन येतात, जाणकार शेजारी बसून दुरुस्त करायला शिकवतात. आता अनेक देशांत असे गट आहेत. जवळ नसेल तर चार मित्रांत महिन्यातून एक दुपार ठरवा. आम्ही ठरवली आहे.

टिकटिक
नवी वस्तू आली की आधीच्या सगळ्या जुन्या वाटायला लागतात, हेही खर्चात धरा. फ्रेंच लेखक दिदरो याला नवा झगा भेट मिळाला आणि त्याच्यापुढे खोलीतलं बाकी सगळं कळकट दिसू लागलं, मग एकेक करत सगळं बदललं गेलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८८ मध्ये त्याला 'दिदरो परिणाम' हे नाव दिलं. माझ्याकडे नवा टीव्ही आला, मग भिंतीचा रंग, मग सोफा. टीव्हीची सूट सोफ्यात गेली.

रानवारा
निळी_शाई ताई, मशीनचं काय झालं? आम्ही सगळे भलतीकडेच पोहोचलो.

निळी_शाई
तेच सांगायला आले. मशीन समोरून उघडणारं आणि पट्ट्याचंच निघालं. दुसऱ्या एका कारागिराला बोलावलं आणि खटपट्या यांनी सांगितलं तसं 'ब्रश मोजून दाखवा' म्हणाले. त्याने माझ्याकडे जरा चकित होऊन पाहिलं आणि हसून मोटर खाली काढली. ब्रश जेमतेम सेंटीमीटरभर उरले होते. नवे त्याच्याच पिशवीत होते, शेजारी धरले तर जवळजवळ चौपट लांब. दोन्ही बदलले. पट्टा तपासला, तो ठीक आहे. सगळा खर्च धरून, त्या मोटरसाठी सांगितलेल्या रकमेचा दहावा हिस्साही झाला नाही. चार दिवसांत पाच धुणी झाली, एकदाही थांबलं नाही. धुण्याचं बटण ३० वर आणलंय.

नव्या मशीनची सूट परवा संपली. संध्याकाळी एकदा जीव वरखाली झाला, खोटं कशाला बोलू. मग मोटरसाठी बाजूला काढलेले उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकले आणि पायवाट यांना न विचारताच खात्याला त्यांच्या डब्याचं नाव दिलं. ३६ वस्तूंपैकी १४ ओळखीच्यांना देऊन झाल्या, वेष्टनातल्या दोन पावतीसकट परत गेल्या. वहीचं नवं पान सुरू केलंय. त्यात पहिल्यांदाच एक तिसरा रंग आहे, निळा, दुरुस्तीसाठी.

पायवाट
नाव खुशाल वापरा. उलट आनंदच झाला.

खटपट्या
वा! जुने ब्रश टाकून देऊ नका. एका कागदावर आजची तारीख आणि त्यांची लांबी लिहून मशीनच्या मागे चिकटवा. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला, मग ते तुम्ही असाल किंवा आणखी कोणी, किती वर्षांत किती झिजले ते लगेच कळेल.

निळी_शाई
आत्ताच चिकटवला.